खरी तारीख कोणती?

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठा नदीच्या काठी खराडी वसलेली आहे. एके काळी हे शेतीवाडीचे गाव होते. आज ते शहराचाच भाग झाले असून तेथील उंच इमारतींत संगणकाची कामे चालतात. या खराडीतील एका विद्यार्थिनीस शिवजयंतीनिमित्त शाळेत भाषण करावयाचे होते. तिने घरातील एक जुने पुस्तक उघडले. त्यात शिवाजी महाराजांचा जन्म सन १६२७ मध्ये झाला, असे छापले होते. शाळेच्या पुस्तकात मात्र १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख होती.

ती गोंधळली. "आजोबा, या दोहोंपैकी कोणते पुस्तक खोटे बोलते?" तिने विचारले.

आजोबा म्हणाले, "खोटे कोणीच बोलत नाही, बाळ. ज्याला जे मिळाले, ते त्याने लिहिले. त्याला ते कोठून मिळाले, हे आधी शोध."

आजोबांच्या या उत्तरात अभ्यासाची गुरुकिल्ली आहे. हाच प्रश्न पूर्वी विद्वानांपुढेही उभा राहिला होता आणि त्यांनीही हाच मार्ग धरला.

सन १६२७ हे साल प्रामुख्याने बखरींवरून आलेले होते. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर त्यांपैकी एक. परंतु ती लिहिली गेली, तेव्हा महाराजांच्या निधनास शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. इतक्या काळानंतर सांगितलेल्या गोष्टीत तपशिलाची चूक शिरणे अशक्य नाही.

इतिहासाची अस्सल साधने गोळा करून ती तपासावीत, या हेतूने पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी 'जेधे शकावली' प्रसिद्ध केली. भोरजवळील कारी येथील जेधे घराण्याने जपून ठेवलेली ही घटनांची टिपणे होत. हे घराणे प्रत्यक्ष महाराजांच्या सेवेत होते. शकावलीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदलेला आहे. शकात सामान्यतः ७८ मिळविले असता इसवी सन येतो. परंतु वर्षअखेरच्या फाल्गुनात इसवी सन पालटलेला असतो, म्हणून ७९ मिळवावे लागतात. १५५१ आणि ७९ मिळून १६३० होतात. त्या दिवशी शुक्रवारच येतो, हे गणितानेही ताडून पाहता येते.

तरीही एका साक्षीवर निर्णय देणे योग्य नव्हे. पुढे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावर येथे सापडले व १९२७ साली प्रसिद्ध झाले. परमानंद महाराजांचा समकालीन होता. त्याच्या काव्यातही हीच तिथी आढळली. दूर राजस्थानात, जोधपूर येथे मिळालेल्या एका जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. कारी, तंजावर आणि जोधपूर! एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन ठिकाणच्या कागदांनी एकच गोष्ट सांगितली. महाराष्ट्र शासनानेही २००१ पासून १९ फेब्रुवारी हाच दिवस शिवजयंती म्हणून स्वीकारला.

या शोधातून विद्यार्थ्याने काय घ्यावे? कोणतीही माहिती हाती आली म्हणजे चार प्रश्न विचारावेत. ही कोणी सांगितली? केव्हा सांगितली? सांगणाऱ्यास ती कशी कळली? आणि दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी तिला आधार मिळतो काय? जेथून माहिती घेतली, त्या ग्रंथाचे नाव व पृष्ठ वहीत टिपून ठेवावे, म्हणजे शंका आल्यास पुन्हा मुळापर्यंत जाता येते.

आज भ्रमणध्वनीवर एका प्रश्नास क्षणात शंभर उत्तरे मिळतात. परंतु एकाच चुकीच्या मजकुराची शंभर जणांनी नक्कल केली, तरी साक्षीदार एकच राहतो. म्हणून उत्तरे मोजू नयेत. त्यांचे आधार तपासावेत.

त्या विद्यार्थिनीने आपल्या भाषणात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सांगितली, आणि ती खरी का मानावयाची, हेही सांगितले. आजोबांचे जुने पुस्तक तिने टाकून दिले नाही. त्या पानावर एक चिठ्ठी ठेवून तिने लिहिले : "या सालाविषयी पुढे नवे पुरावे मिळाले आहेत."