बारा आण्यांचे तिकीट आणि हिमनदीतली पत्रे

रत्नागिरीतील एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर नववीतला एक विद्यार्थी आजोबांचा तिकिटांचा अल्बम घेऊन आला. त्यात बारा आण्यांचे एक निळे-काळे तिकीट होते. त्यावर चार इंजिनांचे विमान आणि ८ जून १९४८ ही तारीख. ‘‘हे तिकीट याच विमानातून लंडनला गेले होते का?’’ असा त्याचा प्रश्न. आम्हाला उत्तर देता आले नाही. तिकीट कोणीतरी पाण्यात भिजवून पाकिटापासून सोडवले होते आणि शिक्क्याचा जेमतेम एक कंस त्यावर उरला होता. (आम्हीही शाळेत असताना हेच करत होतो. डिंक पाण्यात विरघळतो, हा आमचा पहिला रसायनशास्त्राचा प्रयोग!)

तिकिटाची हकीगत सांगता येते. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. लंडनचे टपाल तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. ८ जूनला निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. याच उड्डाणाचे हे स्मारक तिकीट. ते छापले गेले आपल्या नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात.

परंतु तिकिटावरची तारीख ही उड्डाणाची तारीख असते. तेच तिकीट कोणी दोन महिन्यांनी दिल्लीच्या पत्रावर लावले असेल, तरी चित्र आणि तारीख तीच राहणार. पत्र कोठून निघाले, कधी निघाले, कोणत्या मार्गाने गेले, टपालखर्च किती पडला हे सांगतात ते पाकिटावरचे शिक्के, पत्ता आणि एकूण तिकिटांची बेरीज. टपाल-इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणून सुट्या तिकिटापेक्षा मळके, फाटके पण अखंड पाकीट अधिक मोलाचे वाटते.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. मुंबईहून लंडन दोन दिवसांवर आले, पण रत्नागिरीहून मुंबई? जूनमध्ये पावसाळा लागला की किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद. कोकण रेल्वे तर अजून पन्नास वर्षे दूर होती. म्हणजे पत्राने घाट चढूनच जायला हवे. त्यात किती दिवस गेले असतील? रत्नागिरीचा निघण्याचा शिक्का आणि लंडनचा पोहोचल्याचा शिक्का एकाच पाकिटावर असेल, तर साध्या वजाबाकीने उत्तर मिळते. अल्बममधल्या तिकिटाला हे विचारून उपयोग नाही.

शिक्क्याचे महत्त्व दाखवणारी दुसरी गोष्ट याच विमानाची आहे, आणि ती दुःखद आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी लंडनकडे जाताना ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ४८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. अवशेषांचा काही भाग आणि टपाल बर्फाखाली गेले. हिमनदी म्हणजे स्थिर बर्फ नव्हे. स्वतःच्याच वजनाने तिचा बर्फ उताराकडे सरकत असतो. याच पर्वतावर १८२० साली हिमलोटात तीन वाटाडे गाडले गेले होते. त्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी खाली निघतील, असा हिशेब स्कॉटिश शास्त्रज्ञ फोर्ब्ज यांनी हिमनदीच्या वेगावरून मांडला. १८६१ मध्ये ते बोसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाला खरोखरच सापडले.

‘मलबार प्रिन्सेस’च्या टपालानेही तीच वाट धरली. ८ जून १९७८ रोजी, म्हणजे पहिल्या उड्डाणाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, एका फ्रेंच पोलिसाला बोसाँ हिमनदीवर ५७ पाकिटे आणि पाकिटांविना ५५ पत्रे मिळाली. त्यांपैकी साठ पत्रे मूळ पत्त्यांवर रवाना करण्यात आली.

आता वर्गात विचारण्याजोगा प्रश्न. २४ जानेवारी १९६६ रोजी याच पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान कोसळले. डॉ. होमी भाभा त्यातच गेले. त्याचे अवशेषही त्याच हिमनदीतून वर येत असतात. समजा, तिथे एक भारतीय पाकीट सापडले. शिक्क्यातली तारीख पुसली गेली आहे, पण तिकीट जागेवर आहे. पाकीट कोणत्या विमानातले?

तिकिटाची किंमत पाहावी. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि त्यानंतरची तिकिटे नव्या पैशांत निघू लागली. किंमत आण्यांत असेल, तर पाकीट बहुधा १९५० चे. पैशांत असेल, तर ते ‘मलबार प्रिन्सेस’चे असूच शकत नाही. ‘बहुधा’ हा शब्द पहिल्याच वाक्यात का, दुसऱ्यात का नाही, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.