शस्त्र परवाना आहे, पण कुठपर्यंत?

पुण्यातील एखादा व्यावसायिक नातेवाइकाच्या लग्नासाठी मोटारीने गोव्याला निघतो. स्वसंरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल नेहमीप्रमाणे सोबत असते आणि परवान्याची पुस्तिकाही. बांदा मागे पडते, पत्रादेवीच्या नाक्यावर गाडीची तपासणी होते, पिस्तूल निघते आणि तो निर्धास्तपणे पुस्तिका पुढे करतो. नाक्यावरचा अधिकारी मात्र नाव, छायाचित्र आणि शस्त्राचा क्रमांक पाहून थांबत नाही. तो आणखी एक रकाना शोधतो. हा रकाना क्षेत्रमर्यादेचा असतो. तेथे ‘महाराष्ट्र राज्य’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या पुस्तिकेचा आधार दोन-चार किलोमीटर मागेच संपलेला असतो.

प्रसंग कल्पित आहे, पण त्यामागचा गैरसमज खरा आणि सार्वत्रिक आहे. वाहन चालविण्याचा परवाना जसा देशभर चालतो, तसाच शस्त्र परवानाही चालतो, असे बहुतेक परवानाधारक गृहीत धरतात. शस्त्र परवान्याचे तसे नाही. तो एका जिल्ह्यापुरता, एका राज्यापुरता, काही राज्यांपुरता किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो. यातला आपला कोणता, हे परवाना हाती आल्यानंतर अनेकांनी एकदाही वाचलेले नसते.

या व्यवस्थेचे मूळ राज्यघटनेत आहे. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत, तर पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या सूचीत येतात. त्यामुळे कायदा देशभर एकच आहे: १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम. परवाना देणारा अधिकारी मात्र स्थानिक असतो. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्जदाराला धोका कोठे आहे, त्याचा वावर कोठे आहे, याची चौकशी त्यांनी आपल्या हद्दीपुरती केलेली असते. साहजिकच त्यांचा विश्वासही तेवढ्याच हद्दीपुरता मर्यादित राहतो. कोकणातील शेतकऱ्याला रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी मिळालेला शेती संरक्षण परवाना तर त्याच्या लागवडीच्या क्षेत्राशीच बांधलेला असतो. ती बंदूक घेऊन सावंतवाडीहून पेडण्याला पाहुण्यांकडे जाता येत नाही.

क्षेत्रमर्यादा ओलांडल्यास काय होते? येथे कायद्याची दोन कलमे समोरासमोर येतात आणि आरोपीचे भवितव्य त्यांच्यामध्ये लटकते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणे किंवा नेणे हा कलम २५ खालील गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा एक वर्षावरून दोन वर्षांवर आणि कमाल शिक्षा तीनवरून पाच वर्षांवर गेली. परवान्याच्या अटीचा भंग हा कलम ३० चा विषय आहे. त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना आहे पण त्या राज्यात लागू नाही, याचा अर्थ परवानाच नाही असा घ्यायचा की केवळ अट मोडली असा? बचाव पक्ष अर्थातच कलम ३० कडे बोट दाखवितो. पण हा वाद न्यायालयात होतो, नाक्यावर नव्हे. तोपर्यंत शस्त्र जप्त झालेले असते, जामिनासाठी परक्या राज्यात वकील शोधावा लागतो आणि मूळ परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून कलम १७ खाली परवाना निलंबित अथवा रद्द करण्याची नोटीस येऊ शकते.

रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईहून दिल्लीला जाणारी राजधानी एक्स्प्रेस एका रात्रीत गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हरियाणा एवढ्या राज्यांतून जाते. दोन्ही टोकांना शस्त्र वैध असले तरी मधल्या राज्यांचे काय, हा प्रश्न अमेरिकेतही होता. तेथे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने रिकामे आणि हाताशी नसलेले शस्त्र घेऊन मधल्या राज्यातून केवळ पार होणाऱ्यास संरक्षण दिले. आपल्याकडे परवानाधारकाला अशी आपोआप मिळणारी सवलत नाही. मार्गातील राज्येही परवान्यात असावी लागतात.

याचा सर्वाधिक फटका बसतो तो सुरक्षारक्षकांना. मुंबई-पुण्यात सराफी पेढ्या, बँका आणि रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांवर दिसणाऱ्या बंदूकधारी रक्षकांपैकी अनेकजण उत्तरेकडील राज्यांतून आपल्या नावाच्या बंदुकीसह आलेले असतात. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या दोन लाख ७८ हजारांहून अधिक परवान्यांबाबत सीबीआयने २०१८ मध्ये तपास हाती घेतला. तेव्हापासून बाहेरच्या राज्याच्या परवान्याकडे पोलीस अधिक संशयाने पाहतात. एजंटाला पैसे देऊन मिळालेला परवाना खरा की खोटा, हे कित्येकदा त्या रक्षकालाही ठाऊक नसते. नोकरी देणारी एजन्सी बंदूक आहे एवढेच पाहते. गुन्हा दाखल होतो तेव्हा शस्त्र ज्याच्या हाती असते, त्याचेच नाव पहिल्यांदा लागते. परवान्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजेच यूआयएन, पडताळून घेणे एजन्सीला अवघड नाही. त्याचा कंटाळा का केला जातो, हे कोडेच आहे.

बंदूक चालकाच्या हाती देऊन पाठविण्याची सवयही अशीच घातक आहे. कायद्याने त्यासाठी अगदी अरुंद वाट ठेवली आहे. परवानाधारक स्वतः हजर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार दुसरी व्यक्ती शस्त्र नेऊ शकते, तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी. ‘साहेबांनी पुढे न्यायला सांगितले आहे’ हे तोंडी उत्तर पुरत नाही.

विमानप्रवासाचे नियम कडक आहेत, पण स्पष्ट आहेत. शस्त्र केबिनमध्ये नेता येत नाही. ते रिकामे करून, काडतुसे वेगळी आणि सुरक्षित बांधून, चेक-इनच्या वेळीच विमान कंपनीला सांगावे लागते आणि मूळ परवाना दाखवावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका प्रवाशाला पाच किलोपर्यंतच दारूगोळा नेता येतो. विमान कंपन्यांच्या अटी याहून कडक असू शकतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारलेले बरे. गंतव्य विमानतळ ज्या राज्यात आहे, ते परवान्याच्या क्षेत्रात हवे, हे येथेही लागू आहेच.

विमानतळांवर प्रत्यक्षात पकडले जातात ते बहुधा विसरलेल्या काडतुसामुळे. वडिलांची जुनी बॅग, तिच्या कप्प्यात राहिलेले एक जिवंत काडतूस आणि क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर उमटलेली त्याची आकृती. कायद्याच्या लेखी काडतूसही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. येथे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल प्रवाशाच्या बाजूने आहेत. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात ‘बाळगणे’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असणे, हे न्यायालयाने मान्य केले. संजय दत्त खटल्यातील १९९४ च्या निकालातही हाच अर्थ स्वीकारला गेला. त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. मात्र त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते आणि विमान तर त्याच दिवशी चुकते. घरात कोणाचाही शस्त्र परवाना असेल, तर प्रवासाची बॅग रिकामी करून, उलटी करून झटकणे हा स्वस्तातला उपाय.

नेमबाजीकडे वळलेल्या मुलांच्या पालकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. स्वप्नील कुसळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझपदक मिळविल्यानंतर या खेळाविषयीचे कुतूहल वाढले. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यामुळे राज्याच्या सीमेचाही अडसर नाही. तरीही ती विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. खरेदीची पावती आणि संघटनेचे ओळखपत्र जवळ ठेवल्यास रेल्वे पोलिसांशी होणारा संवाद लवकर आटोपतो.

राज्याबाहेर शस्त्र नेण्याची खरीच गरज असेल, तर क्षेत्रवाढीचा अर्ज मूळ परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी गृह शाखेकडे करावा. कारण सविस्तर लिहावे. ‘व्यवसायानिमित्त’ एवढ्या एका शब्दावर मंजुरी मिळणे कठीण असते. कोणत्या गावी, किती वेळा, कशासाठी, याचे कागद जोडावेत. शस्त्रासह मुक्काम ३० दिवसांहून लांबणार असेल, तर त्याची सूचना संबंधित परवाना अधिकाऱ्याला द्यावी लागते. निघण्यापूर्वी त्या राज्यात निवडणूक आहे काय, जमावबंदीचा आदेश आहे काय, हेही पाहावे. आणि लग्नापुरताच दोन दिवसांचा प्रवास असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करता येते. परतल्यावर ती पावती दाखवून ते पुन्हा ताब्यात घ्यायचे.