गंधकापुरता डोळस

तापी ओलांडून उत्तरेकडे निघालेली गाडी उत्राण मागे टाकून कोसाडला थांबते, त्या मुलखात वैशाखातल्या दुपारी पारा सहज पस्तीस अंशांच्या वर जातो. आणि तेवढ्या उष्म्याने तिथल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडात भिंतीला टांगलेल्या, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या अग्निशामक नळकांड्याच्या पोटात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक विलक्षण स्थित्यंतर घडून येते. ३१.१ अंश सेल्सियस ही त्या वायूची क्रांतिक सीमा असून ती ओलांडल्यावर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही, हे थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली सांगितले. द्रव आणि वायू यांच्यामधली रेषा पुसली जाते आणि मागे राहतो तो द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळविणारा, तरीही वायूप्रमाणे चपळ असा अतिक्रांतिक द्रायू.

अशा द्रायूच्या प्रवाहात मिश्रणाचे घटक वेगळे करण्याची वर्णलेखनपद्धती अर्न्स्ट क्लेस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रथम मांडली, तीही फ्रिऑन वायू वापरून. कार्बन डायऑक्साइडचा अंमल पुढचा. उष्णतेने मोडणारी कार्बामेट कीटकनाशके इथे न भाजता वेगळी होतात, हा तिचा मोठाच गुण. परंतु माझ्या मते तिचे खरे वैभव घटक वेगळे करणाऱ्या स्तंभाच्या अखेरीस बसविलेल्या, बाहेर पडणारा घटक टिपणाऱ्या अभिज्ञातकात आहे.

हायड्रोजनच्या ज्योतीवर चालणाऱ्या आयनीभवन अभिज्ञातकाला सेंद्रिय कार्बन दिसतो, कार्बन डायऑक्साइड मात्र दिसत नाही. म्हणूनच या दोघांचे जमले. पण त्या प्रवाहात थोडे मेथॅनॉल मिसळले, की ज्योत मेथॅनॉलनेच भरून जाते आणि नमुन्याची जबानी ऐकू येईनाशी होते. शिवाय डिझेलसारख्या नमुन्यात हायड्रोकार्बनांची गर्दी अशी दाट, की त्यात गंधकाचे चार रेणू हुडकणे दुरापास्त. आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे डिझेलातील गंधकाची मर्यादा किलोमागे अवघी १० मिलिग्रॅम आहे. ज्योतीतल्या गंधकाचा निळा प्रकाश मोजणारे जुने उपकरण होते खरे, पण कार्बन डायऑक्साइडच्या सहवासात तो प्रकाशच मंदावतो. यावर रसायनदीप्ती अभिज्ञातकाने काढलेली तोड मला फार मोलाची वाटते: हायड्रोजनची रेलचेल असलेल्या ज्योतीत गंधकाचा मोनॉक्साइड तयार करायचा, निर्वात पंपाने तो काळोख्या कोठडीत ओढून घ्यायचा, तिथे ओझोनशी त्याची गाठ घालायची आणि त्या भेटीतून जो क्षीण प्रकाश उमटेल तोच मोजायचा.

या सगळ्याचा बंदोबस्त राखणारी वस्तू म्हणजे स्तंभाच्या टोकाची केसाएवढ्या छिद्राची काचनळी. तिच्या अलीकडे ७३.८ बारहून अधिक दाब, पलीकडे मोकळी हवा. दाब एकदम सुटला की द्रायू इतका थंडावतो, की नळीच्या तोंडाशी कोरड्या बर्फाचे पांढरे कण धरतात, आणि विरघळलेला पदार्थ तिथेच साचून आलेखावर वेडेवाकडे काटे उमटतात. म्हणून ते टोक ज्योतीच्या अगदी जवळ, तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यात बसवतात.