घरबसल्या सर्वेक्षण : मोबदला किती, मोल किती?

फेब्रुवारी २०२३ मधील एका संध्याकाळची गोष्ट. रुग्णतपासणी आटोपत आली होती. इंदूरच्या रामबाग भागातील माझ्या दवाखान्याचा स्वागतकक्ष गेली अकरा वर्षे सांभाळणाऱ्या ताई मोबाइल हाती घेऊन आत आल्या. "सर, हे बघा, माझ्या खात्यात दीडशे रुपये जमा झाले! तीन हॉटेलांबद्दल फक्त मत नोंदवलं." मी चष्म्यावरून पडद्याकडे ओझरती नजर टाकली आणि म्हणालो, "वा, छान! फावल्या वेळात करायला काय हरकत आहे?" तेवढ्यात पुढचे बाळ आत आले आणि मी तो विषय विसरून गेलो. त्या एका वाक्याची किंमत काय पडली, हे मला पंधरा दिवसांनी कळले. ते पुढे सांगतोच.

त्यानंतर मात्र मी या विषयाचा जरा मुळापासून विचार केला. संकेतस्थळांवर सर्वेक्षणे भरून पैसे मिळतात, हे खरे की खोटे? सेवानिवृत्त काका, घर सांभाळणाऱ्या वहिनी, शिकणारी मुले आणि आपले तरुण निवासी डॉक्टर या सर्वांनी मला हा प्रश्न विचारला आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

खरी सर्वेक्षणे

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की प्रामाणिक सर्वेक्षण-संस्था अस्तित्वात आहेत. साबण, विमा, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांचे मत हवे असते. त्या हे काम बाजार-संशोधन संस्थेकडे सोपवतात आणि ती संस्था नाव नोंदवलेल्या लोकांकडे प्रश्नावली पाठवते. मोबदला बहुधा गुणांच्या रूपाने मिळतो. ठरावीक गुण साठले, की त्यांचे रोख पैशांत किंवा खरेदीच्या कूपनात रूपांतर होते.

अनुभव घ्यावा म्हणून मी अशा दोन ठिकाणी नाव नोंदवले आणि एक महिना वहीत तासांचा हिशेब ठेवला. एकूण ११ तास २० मिनिटे खर्ची पडली आणि हाती आली ४३० रुपयांची कूपने. ताशी अडतीस रुपये! त्यातही निम्मा वेळ अशा प्रश्नावल्यांत गेला, ज्या आठ-दहा प्रश्नांनंतर 'आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही' असे सांगून बंद होत. वय, शहर, व्यवसाय, उत्पन्न यांची माहिती तोवर मी देऊन बसलेलो असे. तिचा मोबदला शून्य.

यात कोणी मला फसवले असे मी म्हणणार नाही. कंपनीला ठरावीक वयाची, ठरावीक उत्पन्नाची मोजकीच माणसे हवी असतात आणि उत्तरे द्यायला हजारो तयार असतात. जिथे पुरवठा अमाप, तिथे भाव पडणारच. प्रवासात, रांगेत उभे असताना गंमत म्हणून कोणी हे करत असेल तर खुशाल करावे. परंतु यावर घराचा हप्ता किंवा मुलीची फी भागेल, असे मानणे व्यर्थ आहे.

घाईच्या उत्तरांचे मोल

येथे एक वैद्यकीय उदाहरण आठवते. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५०२ प्रौढांचे ऑनलाइन सर्वेक्षण केले. जूनमध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ टक्के लोकांनी जंतुनाशकांचा काही ना काही धोकादायक वापर केल्याचे सांगितले होते आणि सुमारे ४ टक्क्यांनी पातळ केलेले ब्लीच प्यायल्याचे किंवा त्याच्या गुळण्या केल्याचे नोंदवले होते. जगभर खळबळ उडाली. पुढे काही संशोधकांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले; मात्र उत्तर देणारा प्रश्न वाचतो आहे की नाही, हे तपासणारे प्रश्नही मधूनमधून पेरले. २०२३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, ब्लीच प्यायल्याचे सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य उत्तरदाते बेभरवशाचे होते. ते अशक्य कोटीतील विधानांनाही होकार देत होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्रानेही असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या तिशीच्या आतील १२ टक्के उत्तरदात्यांनी आपल्याकडे आण्विक पाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचे ठोकून दिले होते!

बालरोगतज्ज्ञाला याचे नवल वाटू नये. "मूल काहीच खात नाही हो," असे सांगणाऱ्या मातेच्या कडेवरचे गुटगुटीत बाळ आपण रोज पाहतो. उत्तर कोण देतो आणि कशासाठी देतो, हे जाणल्याशिवाय आपण इतिवृत्तावर विसंबत नाही. पैशांसाठी भरभर भरलेल्या प्रश्नावलीचेही तसेच आहे. भरणाऱ्याला अल्प मोबदला आणि विचारणाऱ्याला अल्प सत्य, असा हा व्यवहार होतो.

सर्वेक्षणाच्या नावाखाली

आता दुसरा प्रकार. आणि तो गंभीर आहे. 'स्पीक एशिया' हे नाव अनेकांना आठवत असेल. सिंगापूरमध्ये नोंदलेल्या या कंपनीने २०१० मध्ये आपल्या देशात पाय रोवले. वर्षाला ११,००० रुपये भरून सभासद व्हायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरायची आणि प्रत्येकी ५०० रुपये मिळवायचे, अशी योजना होती. शिवाय नवे सभासद आणल्यास वेगळा लाभ. मे २०११ मध्ये प्रसारमाध्यमांतून प्रश्न उपस्थित झाले, देयके थांबली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. पोलिसांच्या अंदाजानुसार घोटाळ्याची रक्कम २,२०० कोटी रुपयांहून अधिक होती आणि सभासदांची संख्या काही लाखांत.

यात शिकलेली माणसेही अडकली. वास्तविक तिसरी-चौथीतील मुलालाही जमेल असे गणित होते. सभासद वर्षाला ११,००० देतो आणि त्याला ५२,००० परत द्यायचे असतात. सर्वेक्षण विकत घेणारा खरा ग्राहक नसेल, तर ही रक्कम नव्या सभासदांच्याच पैशांतून येणार. म्हणजे एका सभासदाचे पैसे भागवण्यास सुमारे पाच नवे सभासद लागणार. त्या पाचांसाठी पंचवीस, पंचवीसांसाठी सव्वाशे. अशा तेराव्या पायरीवर ही संख्या १२२ कोटींवर जाते. २०११ च्या जनगणनेत भारताची संपूर्ण लोकसंख्या होती १२१ कोटी! झोळीतले बाळसुद्धा सभासद केले असते, तरी साखळी तुटलीच असती.

अशा साखळ्यांना बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९७८ पासून आहे. तरीही त्या फोफावतात, कारण त्या जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर चालतात. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या एका गावात रुजलेल्या समाजात तर भिशी, महिला मंडळ, गणेशोत्सव यांतून प्रत्येक घर दुसऱ्या घराशी बांधलेले आहे. हे आपले बळ आहे आणि याच वाटेने असला संसर्गही पसरतो.

ताईंचे काय झाले?

अलीकडच्या काळात या फसवणुकीने 'घरबसल्या टास्क' असे रूप घेतले आहे. आधी व्हॉट्सॲपवर निरोप येतो, मग टेलिग्रामवरील गटात ओढले जाते. हॉटेलांना अभिप्राय द्या, चित्रफिती पसंत करा, दोन प्रश्नांची उत्तरे द्या. पहिले दीडशे रुपये खरोखर मिळतात. गळाला लावलेले ते आमिष असते. ताईंनी पुढे १,००० रुपये भरले, १,३०० परत आले. मग ६,००० भरले; ते 'अडकले'. ते सोडवण्यासाठी १५,००० आणि मग २८,०००. गटातील इतर सभासद आपापल्या कमाईची छायाचित्रे टाकत होते. ते सारे त्याच टोळीतले असावेत. एकूण ४९,००० रुपये गेले. मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी ठेवलेले ते पैसे होते.

ताई दोन दिवस कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या रडतच. पैशांपेक्षाही दुसरे दुःख त्यांना अधिक होते. आमच्याच दवाखान्यात बाळांना लसीकरणासाठी आणणाऱ्या दोन मातांना त्यांनी ही योजना सांगितली होती. त्यांतील एकीने शंका काढली, तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्या डॉक्टरसाहेबांनीसुद्धा पाहिलंय."

मी पाहिले होते, हे खरेच होते. तपासले मात्र नव्हते. एखाद्या बाळाकडे अशी ओझरती नजर टाकून मी कधी औषध लिहिले नसते.

आम्ही त्याच दिवशी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. परंतु शेवटची रक्कम जाऊन पाच दिवस उलटले होते. थोडीच रक्कम बँकेला गोठवता आली. अपघातात जसा पहिला 'गोल्डन अवर', तसाच येथेही असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. लाजेने गप्प बसण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो. त्या दोन मातांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. एकीचे पैसे वाचले. दुसरीचे ५,००० गेले होते. तिने मला चहा दिला, एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

आपणा डॉक्टरांसाठी

आपल्यालाही निमंत्रणे येतात. वीस मिनिटांच्या प्रश्नावलीसाठी सामान्य माणसाच्या कितीतरी पट मोबदला देऊ करतात. डॉक्टरांच्या वेळेचे मोल म्हणून त्यात गैर काही नाही; ते उत्पन्न मात्र करपात्र आहे, हे विसरू नये. परंतु प्रश्न कोणाच्या वतीने विचारले जात आहेत? 'गेल्या दहा रुग्णांना आपण कोणती लस सुचवली,' या प्रश्नाचे उत्तर रुग्णांच्या नोंदींतून येते आणि त्या नोंदी आपल्या मालकीच्या नाहीत. औषध कंपन्यांकडून भेटी, रोख रक्कम स्वीकारण्यास वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मधील दुरुस्तीने मनाई केली. मार्च २०२४ च्या औषध-विपणन संहितेनेही कंपन्यांवर तसेच बंधन घातले. सर्वेक्षण हे भेटीचे पाकीट ठरू नये. मोबदला नसता तर आपण हेच उत्तर दिले असते काय, एवढे स्वतःला विचारावे.

थोडक्यात सांगायचे तर

खरे सर्वेक्षण कधीही पैसे मागत नाही; नोंदणीसाठी नाही, ठेव म्हणून नाही, 'अडकलेली' रक्कम सोडवण्यासाठी तर नाहीच. ते ओटीपी, आधार किंवा बँकेचा गुप्त क्रमांक मागत नाही. नवे सभासद आणण्याचा आग्रह धरत नाही. आणि ते उपजीविका देण्याचे आश्वासन देत नाही; जो देतो, तो सर्वेक्षण करत नसतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर कळवावे.

लसीकरणाच्या तक्त्याशेजारी आता आमच्या दवाखान्यात एक फलक आहे. त्यावर हीच चार वाक्ये ताईंनी स्वहस्ते मराठीत आणि हिंदीत लिहिली आहेत. कोणी मोबाइल पुढे करून "डॉक्टरसाहेब, हे बघा ना," म्हटले, की मी आता चष्मा नीट लावून बघतो. रुग्ण आपल्याला औषधापुरतेच विचारत नाहीत; मुलाची शाळा, घराचे कर्ज, मोबाइलवरचा निरोप, सारे विचारतात. सर्व व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती, की या प्रश्नांनाही दोन मिनिटे द्यावीत. निदान तपासल्याशिवाय 'हरकत नाही' असे म्हणू नये.