जुनी नाणी : घरात की लॉकरमध्ये?

कोऱ्हाळे बुद्रुक हे बारामती तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं बागायती गाव. अशा भागात पावसाळ्यात हवा दमट असते आणि नाण्यांना चोराइतकीच भीती या दमटपणाची.

तांब्याची शिवराई किंवा राणीछाप रुपया चिंचेने, राखेने घासू नका. वरचा जुना थर गेला की चमक येते, पण किंमत उतरते. नाणं कडेला धरूनच उचला. बोटांच्या घामाचे डाग कायमचे राहतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्यावर हिरवट चिकट थर चढतो, तर रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळवंडते. त्याऐवजी मायलरचे किंवा आम्लविरहित कागदाचे होल्डर वापरावेत. डबा स्टीलच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

मौल्यवान नाण्यांसाठी बँकेचा लॉकर बरा. पण रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भाडं २,००० रुपये असेल, तर भरपाई जास्तीत जास्त २ लाख. पूर, भूकंप यांसाठी बँक सहसा जबाबदार नसते. लॉकरमधल्या वस्तूंचा विमाही बँक उतरवत नाही. तो स्वतंत्र काढावा लागतो. म्हणून प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास नोंदवून ती यादी लॉकरबाहेर ठेवा. लॉकरला वारसाचं नामांकनही करा.

शेतात नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं, तर ते संग्रहात घालू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.