टेट्रिसच्या आवृत्त्यांमधील फरक

टेट्रिस हा अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे तयार केलेला कोडे स्वरूपाचा व्हिडिओ गेम आहे. वरून पडणारे तुकडे फिरवून व सरकवून आडव्या ओळी पूर्ण करणे, हे त्याचे मूळ सूत्र सर्व आवृत्त्यांत कायम आहे. मात्र पुढचा तुकडा कसा निवडला जातो, तो कसा फिरतो, केव्हा स्थिर होतो आणि ओळींना किती गुण मिळतात, हे नियम आवृत्तीगणिक बदलतात. त्यामुळे एका आवृत्तीतील गुणसंख्येची दुसऱ्या आवृत्तीतील गुणसंख्येशी थेट तुलना करता येत नाही.

मूळ खेळ

पाजित्नोव्ह हे त्या वेळी सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करीत होते. पाच चौरसांच्या आकारांचे पेंटोमिनो हे कोडे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. खेळासाठी त्यांनी चार चौरसांचे सात आकार निवडले. इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर चित्रे दाखविण्याची सोय नसल्याने तुकडे अक्षरचिन्हांनी दाखविले जात. पुढे वादिम गेरासिमोव्ह यांच्या सहभागाने आयबीएम पीसीसाठी रंगीत आवृत्ती तयार झाली.

निन्टेन्डोच्या आवृत्त्या

१९८९ मध्ये निन्टेन्डोने गेम बॉय या हातात धरण्याच्या यंत्रासाठी आणि दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या एनईएस यंत्रासाठी स्वतंत्र आवृत्त्या काढल्या. एनईएसचा पट १० घरे रुंद व २० घरे उंच आहे. गेम बॉयवर रुंदी तेवढीच, पण उंची १८ घरे आहे. दोन ओळी कमी असल्याने चूक सुधारण्यास वाव कमी मिळतो. दोन्ही आवृत्त्यांत पुढचा एकच तुकडा आधी दिसतो. तुकडा बाजूला ठेवून नंतर वापरण्याची सोय नाही.

तुकड्यांची निवड

एनईएस आवृत्तीत निवड जवळजवळ पूर्णपणे यादृच्छिक असते. आधीचाच तुकडा पुन्हा निघाला, तर फक्त एकदा फेरनिवड होते. त्यामुळे चार ओळी एकदम पुसणारा लांब तुकडा कित्येक वेळा आलाच नाही, असेही घडते. यावर उपाय म्हणून २००१ मधील टेट्रिस वर्ल्ड्समध्ये 'पिशवी' पद्धत आली. तीत सातही तुकडे एकेकदा, परंतु बदलत्या क्रमाने दिले जातात व मग पिशवी नव्याने भरली जाते. परिणामी दोन लांब तुकड्यांमध्ये जास्तीत जास्त १२ इतर तुकडे येऊ शकतात. एका पिशवीचे ५,०४० क्रम संभवतात. असे क्रम मोजण्याची रीत भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील अंकपाश प्रकरणात आढळते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

निवडीचा हा मुद्दा गणितालाही लागू पडतो. एस व झेड आकाराचे तुकडेच एकाआड एक येत राहिले, तर कितीही कुशल खेळाडू अखेरीस हरतो, हे हायडी बर्जील यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. पिशवी पद्धतीत हे दोन आकार मिळून सलग चारपेक्षा अधिक वेळा येऊच शकत नाहीत.

फिरणे व स्थिर होणे

एनईएस व गेम बॉयवर भिंतीला किंवा इतर तुकड्याला अडलेला तुकडा फिरत नाही. नव्या आवृत्त्यांत तो अडला, तर आजूबाजूच्या आणखी चार जागा तपासून शक्य तेथे बसविला जातो. तळाशी टेकल्यावर स्थिर होण्यापूर्वी थोडा अवधीही मिळतो. सेगाच्या १९८८ मधील आर्केड आवृत्तीत हा अवधी होता. अरिका या जपानी कंपनीच्या १९९८ मधील टेट्रिस द ग्रँड मास्टर या खेळात वेग इतका वाढतो, की तुकडा दिसताक्षणीच खाली टेकलेला असतो. तेथे सारा खेळ या अवधीतच होतो.

गुणांकन

एनईएसवर पहिल्या टप्प्यात एका ओळीला ४०, तर एकदम चार ओळींना १,२०० गुण, म्हणजे तीसपट गुण मिळतात. नव्या प्रमाणित नियमांत हेच आकडे १०० व ८०० असल्याने फरक आठपटच राहतो. शिवाय टी आकाराचा तुकडा खाचेत फिरवून दोन ओळी पुसल्यास १,२०० गुण मिळतात. म्हणून जुन्या आवृत्तीत लांब तुकड्याची वाट पाहणे, तर नव्या आवृत्तीत खाच रचणे महत्त्वाचे ठरते.

वेगाची मर्यादा

एनईएसवर २९व्या टप्प्यापासून तुकडा सुमारे एक तृतीयांश सेकंदात तळाशी पोहोचतो. कळ दाबून धरल्यास तो कडेपर्यंत सरकत नाही, म्हणून हा टप्पा दीर्घकाळ खेळाचा शेवट मानला जाई. पुढे खेळाडूंनी कळ अतिशय जलद दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील १३ वर्षांच्या विलिस गिब्सन याने १५७वा टप्पा गाठला आणि खेळच गोठला. त्या अवस्थेपर्यंत पोहोचलेला तो पहिला मानवी खेळाडू होय.

ब्रिक गेम

भारतात १९९० च्या दशकात अनेकांची टेट्रिसशी ओळख 'ब्रिक गेम' या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांवर झाली. त्यांच्या एकरंगी पडद्यावर १० × २० चौकोन असत आणि पुढचा तुकडा बाजूला दिसे. वेष्टनावर ९,९९९ खेळ असल्याचा दावा असला, तरी प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेग व टप्पा बदलून पुन्हा मांडलेले असत. ही यंत्रे अनेक उत्पादकांनी परवान्याविना बनविली. त्यामुळे त्यांच्या नियमांत एकसारखेपणा नव्हता.