घाटाचा उतार आणि ब्रेकमधील हवा : कॅलिपर बदलण्याचे विज्ञान व घरगुती पद्धती

प्रस्तावना

मावळात राहणाऱ्या मोटारधारकाला बोरघाट टळत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, तर पायथ्याचे खोपोली सुमारे ६० मीटर उंचीवर आहे. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. आजही घाट उतरण्यापूर्वी आगगाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी थांबविल्या जातात. खाजगी मोटारीसाठी मात्र अशी सक्तीची तपासणी नाही. ती जबाबदारी मालकाचीच होय. ब्रेकचे कॅलिपर बदलणे व ब्रेकमधील हवा काढणे ही कामे घरी करता येतात काय, आणि त्यांमागील तत्त्व कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उष्णता आणि पाणी

एक हजार किलो वजनाची मोटार साडेपाचशे मीटर खाली येते तेव्हा सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने सुमारे १७ लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत येऊ शकेल. यातील काही भाग हवेचा रोध व इंजिन शोषून घेतात. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून केवळ ब्रेकवर उतरविल्यास उरलेला मोठा वाटा डिस्क, पॅड व कॅलिपर यांच्या वाट्याला येतो.

पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचतो तो पास्कलच्या नियमानुसार, कारण द्रव जवळजवळ दाबला जात नाही. नेहमीच्या वापरातील ब्रेक ऑइल ग्लायकॉलयुक्त असून ते हवेतील आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. प्रमाणित कसोटीनुसार सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे अनुक्रमे २०५ व १४० आहेत. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेतील ओलावा रबरी नळ्या व टाकीच्या झाकणावाटे हळूहळू आत शिरतो.

ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. पायथ्याशी गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते व पेडल पूर्ववत होते. त्यामुळे नंतरच्या तपासणीत दोष सापडत नाही. हा या बिघाडाचा सर्वांत फसवा भाग होय. याउलट पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष बहुधा तापलेल्या पॅडचा असतो.

कॅलिपर बदलणे

गाडी एका बाजूस ओढली जाणे, एकच चाक अधिक तापणे व पॅड असमान झिजणे ही अडकलेल्या कॅलिपरची लक्षणे होत. रबरी आवरण फाटले की ओलाव्याने पिस्टन व सरकत्या पिना गंजतात. पिना मोकळ्या करून भागत असल्यास कॅलिपर बदलण्याची गरज नाही.

गाडी सपाट, टणक जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक काढून नळीचा बोल्ट सोडवावा, जुना कॅलिपर उतरवावा व नवा बसवावा. नळीच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घ्यावेत. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. हवा काढण्याचे निपल वरच्या बाजूस आले पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाल्यास निपल खाली जाते आणि हवा वरच अडकून राहते. पॅड दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत.

हवा काढणे

या कामास दोघे लागतात. टाकी नव्या ऑइलने भरून निपलला पारदर्शक नळी जोडावी व तिचे दुसरे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने निपल उघडावे आणि पेडल सोडण्यापूर्वीच बंद करावे. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. मध्येच टाकी रिकामी झाल्यास हवा पुन्हा आत शिरते. चाकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. एबीएस असलेल्या काही गाड्यांत यासाठी संगणकीय उपकरण लागते. अशा वेळी काम कुशल कारागिराकडे सोपवावे.

बाटलीतील ऑइल पुन्हा वापरू नये. ते रंगावर सांडल्यास त्वरित पाण्याने धुवावे. ते विषारी असते, म्हणून नाल्यात ओतू नये. इंद्रायणी व पवना याच परिसरात उगम पावतात. ते बंद डब्यात ठेवून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.

समारोप

काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, गळती पाहावी व सपाट रस्त्यावर मंद गतीने चाचणी घ्यावी. पहिली चाचणी घाटात घेऊ नये. पेडल मऊ लागल्यास गाडी बाहेर काढू नये. अनेक उत्पादक दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. मावळासारख्या दमट प्रदेशात ही मुदत लांबवू नये. शक्यतो पावसाळा सरल्यावर ते बदलावे आणि उतारावर खालचा गिअर वापरावा. कॅलिपर नवा असला तरी त्याला ढकलणारा द्रव जुना असेल, तर घाटातील सुरक्षितता अपुरीच राहते.